भुंग्याची फिल्म

मोटार शिकवणाऱ्या मास्तरांची सगळी हयात ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर गेली. त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता आणि समोरच्या डॅशबोर्डवर दोन बोटांनी झिजवलेला चट्टा. शिकाऊ माणूस क्लच सोडायला घाबरला की मास्तर त्या चट्ट्यावर ठेका धरायचे, आणि नवल म्हणजे ठेका लागला की घाबरटाचेही पाय बरोबर जागेवर पडायचे. गिअर बदलताना कुणी मान हलवली की लोक ओळखायचे, हा मास्तरांकडे शिकलेला.

तरुणपणी मास्तर ड्रम वाजवत. चौघांचा रॉक बँड होता आणि त्याचा जीव म्हणजे भुंग्या. गाणी रचायची त्याने, चाली लावायच्या त्याने, गिटार गळ्यात अडकवून गायचंही त्यानेच. सतत गुणगुणतो म्हणून पोरांनी त्याला भुंग्या केला. परीक्षेच्या हॉलमधून कॉपीबद्दल बाहेर काढलेली मुलं पुष्कळ असतात, गुणगुणण्याबद्दल काढलेला तो एकटाच. कॉलेजांचे कार्यक्रम, कारखान्यांची कँटीनं, दुकानदार संघाचं संमेलन, बोलावतील तिथे ही चौकडी जायची आणि आवाज कमी करा असं ऐकून परत यायची. एक कॅसेट निघाली. ती काढणारी कंपनी कॅसेट खपायच्या आधीच गाशा गुंडाळून मोकळी झाली. मग एक जण परदेशी गेला, एक जण संसाराला लागला, मास्तर मोटारीच्या डाव्या सीटवर बसले. भुंग्या पाणी शुद्ध करायची यंत्रं दारोदार विकत राहिला आणि गाणी रचत राहिला. पुढे त्याची फुप्फुसं गेली आणि पाठोपाठ तोही गेला.

इतक्या वर्षांनी फिल्मचं खूळ मास्तरांच्या डोक्यात शिरलं ते एका कॉलेजातल्या मुलीमुळे. चौकातून गाडी काढताना ती भुंग्याचं गाणं गुणगुणत होती. मास्तरांनी जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, कुणाचं गं हे? ती म्हणाली, "कुणाचं नाही सर. असंच जुनं लोकगीत आहे."

मास्तरांनी भर चौकात जादा ब्रेक दाबला. मागच्या रिक्षावाल्याने त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. मास्तरांना त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. माणूस गेला ते गेला, पण माणूस पुसून त्याचं गाणं तेवढं उरावं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. लोकांनी एकदा भुंग्याला त्याच्या नावासकट, त्याच्याच आवाजात ऐकावं. एवढं झालं की आपण सुटलो, असं त्यांनी बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, घरातल्या गळक्या नळाला वायसर बसवायला सवड नाही आणि निघाले सिनेमा काढायला. पण दुसऱ्या दिवशी तिनेच कपाटावरून बँडचे फोटो काढून पुसून ठेवले.

फिल्म काढायची तर पैसा हवा, आणि पैसा मागायला तोंड हवं. मास्तरांना तोंड नव्हतं, पण गाडी होती. गाडी उलट घेताना माणूस कशालाही हो म्हणतो, हा त्यांचा जुना अनुभव. तेव्हा ते रिव्हर्सच्या धड्याला फिल्मचा विषय काढू लागले. निवृत्त बँक अधिकारी आरशात बघत म्हणाले की तत्त्वतः त्यांचा पाठिंबा आहे. गाडी सरळ झाली तरी तो तत्त्वतःच राहिला. एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दारूने गेला का? मास्तर म्हणाले, नाही हो, शिवतही नव्हता. "अगंबाई," त्या खऱ्याच काळजीने म्हणाल्या, "मग फिल्ममध्ये दाखवणार काय?"

तरी थेंबे थेंबे जमत गेलं. जुन्या विद्यार्थ्यांनी दिलं, कँटीनमध्ये कधीकाळी बाकावर उभं राहून नाचलेल्या कामगारांनी दिलं. मोठी आशा होती ती टाइल्सवाल्या शेठची. शेठ प्रत्येक वाक्य 'आपलं कसं आहे' इथून सुरू करत आणि ते कसं आहे हे कधी सांगत नसत. मास्तरांना त्यांनी थंड पाणी पाजलं, चकचकीत फरश्यांवरून फिरवून आणलं आणि म्हणाले, आपलं कसं आहे मास्तर, आधी काहीतरी दाखवा. काळजाला लागलं तर राहिलेलं सगळं माझ्याकडे. मोठ्या थिएटरात लावू.

दाखवण्याजोगं तयार करायचं काम फोकसकडे होतं. फोकस लग्नांची शूटिंग करायचा. समोरच्याला चहा देतानाही 'जरा उजेडात या' म्हणायचा, म्हणून हे नाव. झेरॉक्सच्या दुकानामागच्या फळ्या ठोकलेल्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर होता आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या सतरंज्या. भुंग्याच्या बायकोने घरातल्या कॅसेटी एका पिशवीत भरून दिल्या होत्या. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिचा हात इतका हलका की सुई टोचून झाल्यावर लोक विचारत, आता टोचणार का? तिने त्या कॅसेटींकडे न बघताच पिशवीला गाठ मारली आणि म्हणाली, भावजी, तुम्हीच काय ते ऐका. माझ्याच्याने नाही होणार.

आता भुंग्याची एक रीत सांगायला हवी. तो गाणं कागदावर लिहीत नसे. चाल सुचली की मास्तरांना ऐकवायचा आणि मास्तरांना गायला लावून टेप करायचा. माझ्याच आवाजात मला ते चांगलंच वाटणार, म्हणायचा, तू गा, म्हणजे कुठे लंगडतंय ते कळेल. मास्तर हुबेहूब त्याच्यासारखं गायचे. शब्द चावायची त्याची तऱ्हा, ओळीच्या शेवटी आवाज सोडून द्यायची लकब, सगळं. सहलीला तर मास्तर झाडामागून गायचे आणि भुंग्या नुसते ओठ हलवायचा. कुणाला पत्ता लागत नसे.

आणि पिशवीतल्या एका बिननावाच्या कॅसेटवर फोकसला एक गाणं सापडलं. कुठेही न आलेलं, अर्धे शब्द, अर्धं नुसतं गुणगुणणं. फोकसने मास्तरांना गाडी आहे तिथे सोडून यायला सांगितलं. मास्तरांनी हेडफोन लावला आणि पहिल्या ओळीला त्यांचा बांध फुटला. भुंग्या होता तो. फोकस म्हणाला, शेवटचं गाणं मिळालं राव, आता शेठ गेला कुठे. मास्तरांच्या मनात एक बारीकसं कुसळ टोचलं खरं, पण त्यांनी ते उपटून पाहिलं नाही. माणसाला जे हवं असतं तेच आधी ऐकू येतं.

त्यांनी वहिनींना, म्हणजे भुंग्याच्या बायकोला, फोन केला. भुंग्याचं गाणं सापडलंय म्हणून सांगितलं. मग तिने विचारलं, "नवीन आहे? मी न ऐकलेलं?"

वाचनालयाच्या सभागृहात फिल्मचा तुकडा दाखवायचं ठरलं. वहिनी लॅबमधून लवकर सुटून, ठेवणीतले कपडे घालून आली आणि थेट पहिल्या रांगेत बसली. सगळी जुनी मंडळी होती, बँकवाले तत्त्वतः होते, शेठ होते. पडद्यावर भुंग्याचे फोटो आले, केस आले, गिटार आली आणि शेवटी अंधाऱ्या पडद्यावर नुसतं ते गाणं. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. दिवे लागले तेव्हा शेठ रुमालात तोंड खुपसून बसले होते. उठून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की आपलं कसं आहे, फिल्मचं जे काही राहिलंय ते माझ्याकडे लागलं. टाळ्या पडल्या. फोकसने मास्तरांना उचललंच.

वहिनी तेवढी टाळ्या न वाजवता बाहेर गेली होती. मास्तर तिला शोधत व्हरांड्यात आले. ती पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी उभी होती, हातात भरलेला पेला, पण पीत नव्हती.

"भावजी," ती म्हणाली, "हे तुम्ही आहात."

मास्तरांना वाटलं ती आभार मानते आहे. मग त्यांना कळलं.

"शेवटच्या वर्षी ह्यांना पाणी मागायचं तर दोनदा थांबावं लागायचं. एवढी लांब ओळ एका दमात कुठून म्हणणार? मी स्वयंपाकघरातून बघत होते. तुम्ही पलंगाच्या कडेला बसून गात होतात, आणि हे हाताने दाखवत होते, इथे वर, इथे खाली. ऐकता ऐकता सगळं आठवलं."

मास्तरांनाही आता आठवलं. पलंग, औषधांचा वास, हवेत वरखाली होणारा तो हडकुळा हात.

"नका वाईट वाटून घेऊ," वहिनी म्हणाली. "छान गायलात. मलाच वाटलं होतं, काहीतरी राहिलंय अजून, आज ऐकायला मिळेल." तिने पेला न पिताच ठेवला. "राहू दे तसंच. कुणाला कळतंय? फिल्म पुरी होऊ दे तुमची."

घरी आल्यावर मास्तर जेवले नाहीत. फोकस फोनवर सांगत होता की अळीमिळी गुपचिळी, आपण तिघं सोडून कुणाला माहीत आहे, चाल तर भुंग्याचीच आहे ना. चूक काय होतं त्यात? चाल भुंग्याची, शब्द भुंग्याचे, थिएटर मोठं, आणि नाही म्हणायला कुणी नाही. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की मग त्या मुलीवर का चिडलात? तिने त्याचं नाव काढून टाकलं, तुम्ही त्याचा आवाज काढून टाकताय.

दुसऱ्या दिवशी मास्तर टाइल्सच्या दुकानात गेले आणि उभ्या उभ्या खरं सांगून मोकळे झाले. शेठ रागावतील असं त्यांना वाटलं होतं. शेठ रागावले नाहीत. त्यांचं तोंड लहान मुलासारखं उतरलं. गाणं ठेवू, खाली तुमचं नाव लिहू, असं मास्तर म्हणू लागले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"आपलं कसं आहे मास्तर," ते म्हणाले, आणि या खेपेला त्यांनी सांगितलं. "मी रडलो ते गेलेल्या माणसाच्या आवाजाला. जिवंत माणूस रोज माझ्या दुकानासमोरून हॉर्न वाजवत जातो. त्याला कशाला रडू?"

शेठ गेले, त्यांच्यामागे थिएटर गेलं. बातमी फुटायला वेळ लागला नाही. मास्तरांनी मेलेल्याचा आवाज काढून लोकांना रडवलं, असं तिखटमीठ लावून ती फिरली. बँक अधिकाऱ्यांनी तत्त्वतः निषेध केला. काहींनी दिलेलं परत मागितलं. मास्तरांनी ते दिलंही, आणि त्यासाठी पेटीत घालून वर्षानुवर्षं जपलेला ड्रमचा सेट विकला. विकत घ्यायला आलेल्याने वाजवून दाखवा म्हटलं, तर मास्तर म्हणाले, तुम्हीच वाजवा आता.

फिल्ममधून ते गाणं निघालं आणि शेवटाला मोठं भगदाड पडलं. फोकस मात्र टिकला. कुरकुरत, लग्नांच्या तारखा सांभाळत, फुकटात काम करत टिकला. भगदाडात भरायला काय आहे, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, काही नाही, नुसता कचरा. लग्नाच्या फिल्ममध्ये कसं, माणसं छान उभी राहिली तेवढं ठेवायचं, बाकी खोकणं, खाजवणं, चपला शोधणं कापून टाकायचं. त्याच सवयीने त्याने कँटीनच्या एका कार्यक्रमाची जुनी व्हिडिओ टेप साफ केली होती. मास्तर म्हणाले, तो कचरा दाखव.

ती तयार झालेली फिल्म पहिल्यांदा लागली वहिनींच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीवर. मास्तर, त्यांची बायको, फोकस आणि वहिनी, एवढेच प्रेक्षक. वहिनी फोटो बघत राहिली, कॅसेटमधली गाणी ऐकत राहिली, सगळी पाठ असल्यासारखी. चेहऱ्यावर काही नव्हतं. मग कँटीन आलं. स्टेजवर ट्यूबलाइटचा उजेड, भुंग्या गिटार बाजूला ठेवून वाकलेला, काहीतरी शोधतोय.

"थांबा रे जरा," तो माइकपासून लांबून म्हणाला. "माझी चप्पल कुठे गेली? उजवी. अरे डावी आहे, उजवी कुणी नेली?"

पाठीमागून तरुण मास्तर म्हणाले, अनवाणी गा. लोक हसले. भुंग्याही हसला, हसताना त्याला ठसका लागला, आणि तो म्हणाला, "बायको घरात घेणार नाही."

वहिनीने तोंडावर हात धरला. आधी ती हसली. हसणं कधी फिरलं ते कळलं नाही. मास्तरांच्या बायकोने उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. पडद्यावर भुंग्या वाकूनच होता.

"सापडलीच नाही ती," वहिनी थोड्या वेळाने म्हणाली. "एका पायात घालून घरी आले. मी बोलले होते खूप."

मग तिने डोळे पुसले नाहीत, तसंच सांगितलं, "परत लावा."

मास्तरांनी परत लावलं. भुंग्याने चप्पल शोधली, लोक हसले, ठसका आला. परत लावा, ती म्हणाली. फोकसने खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळ केली, पुढे भगदाड कसं सांधलंय ते दाखवायची त्याला घाई होती. मास्तरांनी त्याला हातानेच गप्प बसवलं आणि रिमोटवरचं बटण दाबलं. त्या दिवशी फिल्म चपलेच्या पुढे गेली नाही.