खेटून उभी अक्षरं

नव्या घराच्या दारावरची पाटी करायला टाकायची म्हणून आम्ही दोघं निघालो होतो. वाटेत ‘आज शेवटचा दिवस’ असा फलक दिसला आणि मी बायकोला ओढतच साड्यांच्या दुकानात नेलं. आत गेल्यावर कळलं, तो शेवटचा दिवस दिवाळीपासून चालू आहे. फलकाचे कोपरेसुद्धा उन्हाने विटले होते.

चूक माझीच, पण थोडी त्या अक्षरांचीही. जाड, उंच, एकमेकांना खेटून उभी. शिरोरेषा तुळईसारखी, मात्रा-वेलांट्या कशाबशा कोंबलेल्या, पोटातून वारा जायला जागा नाही. चौकातल्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला हीच अक्षरं, शिकवणीच्या यशाला हीच आणि टकलावर केस उगवणाऱ्या तेलालाही हीच. माझा संशय आता पक्का होत चाललाय. ज्याला आपल्याला मधे प्रश्न विचारू द्यायचा नसतो, तो अक्षरांत फट ठेवत नाही. खरं काय ते खाली मुंगीएवढ्या अक्षरांत असतं: ‘निवडक मालावर’.

हे सगळं बायकोला ऐकवत पाटीवाल्याकडे पोचलो. त्याने माझं लांबलचक नाव पदवीसकट एका ओळीत बसवून दाखवलं. अगदी तीच अक्षरं! आणि खरं सांगतो, मला ती फार आवडली. बायकोचं नाव खाली होतं, बारीक.

“राहू दे असंच,” ती म्हणाली. “येणारा प्रत्येक जण आधी खाली वाकून बघेल, खरं काय ते.”