पालथ्या माणसाची शिफ्ट

काशिनाथ खाटेवर उताणा झोपला होता. डोक्याखाली दोन उशा, उजव्या डोळ्यावर पट्टी, दोन्ही हात छातीवर. बायको हिराबाई शेजारी बसून वारा घालत होती. मला दारात पाहताच ती उठली आणि शाबासकीची वाट बघत म्हणाली, "बगा बाई, काल सांजेपासून जरा हलू दिला न्हाय. तुमी सांगता तसाच ठेवलाय."

काशिनाथने दहा दिवस पालथं झोपायचं होतं.

"उताणं झोपवायला कुणी सांगितलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तुमीच," ती म्हणाली आणि तिने भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीवर खिळ्याला माझ्या दवाखान्याचा पिवळा पडलेला कागद लटकत होता. मराठी, हिंदी आणि उर्दू, तिन्ही भाषांत ठळक अक्षरांत छापलेला. ऑपरेशननंतर उताणे झोपावे. वाकू नये. मान खाली घालू नये. काशिनाथच्या आईचा मोतीबिंदू मी चार वर्षांपूर्वी काढला, तेव्हा दिलेला. हिराबाईला वाचता येत नव्हतं, पण कागद तोंडपाठ होता.

आता थोडं मागे जाते. हे नव्वद सालानंतरच्या एक-दोन वर्षांतलं. भिवंडीत माझा डोळ्यांचा दवाखाना होता आणि येणाऱ्यांत निम्मे लोक लूमवरचे, म्हणजे यंत्रमागावरचे असत. काशिनाथ मूळचा दिघाशीचा, इस्माईलभाईंच्या कारखान्यात जॉबर. जॉबर म्हणजे लूमचा मेकॅनिक. लूम बिघडला की कारागीर हात वर करतो, जॉबर येऊन कान लावतो आणि पाना फिरवतो. काशिनाथचा डावा डोळा माझ्या ओळखीच्या आधीच गेला होता. बाण्याचा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी धोटा, त्याच्या दोन्ही टोकांना लोखंड असतं. तो एकदा लूममधून उडाला आणि थेट डोळ्यावर बसला. उरलेल्या उजव्या डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. संसार, नोकरी, सगळं त्या एका डोळ्यावर.

एक दिवस तो दवाखान्यात आला आणि म्हणाला, "बाई, फनी वाकडी दिसते."

फणी म्हणजे लूमवरची लोखंडी पात्यांची लांब चौकट. तिच्या फटींतून ताण्याचे, उभे धागे जातात. ती सुतासारखी सरळ लागते.

"मग बदला," मी म्हणाले.

"तीन बदलल्या. तिनी वाकड्या. तवा मना वाटलं, फनीचा काय दोष न्हाय. दोष आपल्याकडं हाय."

तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये इतकं नेमकं निदान घेऊन आलेला पेशंट मी दुसरा पाहिला नाही. शिकलेली माणसं चष्म्याच्या दुकानदाराशी भांडतात. या माणसाने तीन फण्या बदलून, शेवटी स्वतःला नापास केलं होतं.

मी बाहुली मोठी करून तपासलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, त्याला आम्ही रेटिना म्हणतो. भिंतीला कागद चिकटवावा तसा तो चिकटलेला असतो. काशिनाथच्या पडद्याला बरोबर मधोमध बारीक भोक पडलं होतं आणि त्यातून पाणी मागे शिरून पडदा भिंतीपासून सुटत चालला होता. हे ऑपरेशन माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. मी त्याला त्याच दिवशी मुंबईला माझ्या सरांकडे पाठवलं.

सरांनी ऑपरेशन केलं. पडदा जागेवर बसवला आणि डोळ्यात गॅस भरला. पाण्यात बुडबुडा जसा नेहमी वर जातो, तसाच डोळ्यातला हा बुडबुडाही वर जातो. माणूस पालथा असला की डोळ्याचा मागचा भाग वर येतो, बुडबुडा तिथे जाऊन पडद्याला आतून दाबून धरतो, आणि दहा-बारा दिवसांत पडदा चिकटतो. माणूस उताणा झाला की बुडबुडा पुढे येतो, पडद्याला कुणी धरत नाही. म्हणजे ऑपरेशनचं अर्धं काम सर्जनचं, उरलेलं अर्धं पेशंटच्या मानेचं.

आदल्या दिवशी घरी सोडताना हॉस्पिटलने हे त्यांना नीट सांगितलं होतं, कार्डही दिलं होतं. ते इंग्रजीत.

"तिकडं पालता ठेवलेला," हिराबाई म्हणाली. "मना वाटलं, गर्दीचं हास्पिटल, त्यांना कुठं सवड. चाळीतल्या समद्यांनी सांगितलं, डोल्याच्या आपरेशनला उतानंच झोपायचं असतं. समद्यांच्या घरात तुमचाच कागद हाय."

खरंच होतं. दहा वर्षं मी या गावाला एकच गोष्ट घसा कोरडा करून शिकवली होती. मोतीबिंदूनंतर मान खाली घालायची नाही. मशिदीत मोतीबिंदू झालेले म्हातारे खुर्चीवर बसून नमाज पढत ते माझ्याच सांगण्यावरून. गावाने माझा धडा चोख पाठ केला होता. तो कुठे लागू नाही, हे मी कधी छापलंच नव्हतं.

आधी आम्ही काशिनाथला पालथा केला. मग मी दवाखान्यात जाऊन सरांना फोन लावला.

"किती तास उताणा होता?"

"सोळा-सतरा. सर, चूक माझीच आहे. माझ्या कागदामुळे..."

"चूक नंतर बघू. उलटा केलास?"

"केला."

"मग तसाच ठेव. दहा दिवस, चोवीस तास. जेवायला, संडासला उठेल तेव्हाही मान खाली. झोपेत वळला तर मला फोन करू नकोस, कारण मग सांगण्यासारखं काही उरणार नाही."

सर गोड बोलण्यासाठी प्रसिद्ध नव्हते.

झोपेत माणसाने वळायचं नाही, हे सांगणं सोपं आहे. तुम्ही एक रात्र करून बघा. संध्याकाळी मी पुन्हा चाळीत गेले तेव्हा इस्माईलभाई आले होते. चाळ त्यांच्याच कारखान्याच्या मागे होती. पंचेचाळिशीचे, उंच, पानाने ओठ लाल, तीन पिढ्यांचा लूमचा धंदा. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, म्हणजे चोवीस तास एक मानूस लागेल, बरोबर?"

"एका माणसाने होणार नाही, इस्माईलभाई."

"लूम पण एका मानसाने चोवीस तास चालत न्हाय. शिफ्ट लावतो. तुम्ही फिकर करू नका."

आणि त्यांनी खरोखर शिफ्ट लावली. सकाळी सात ते संध्याकाळी सात, संध्याकाळी सात ते सकाळी सात. रात्री हिराबाई शेजारणीकडे झोपायला जाई आणि कारखान्यातला एक कारागीर काशिनाथजवळ बसे. त्याची त्या दिवशीची ड्युटी काशिनाथ. लूम बंद राहिला तर राहिला. दिवसा हिराबाई आणि जोडीला आणखी एक जण.

खाटेचा प्रश्नही त्यांनीच सोडवला. पालथं झोपलं की नाक दबतं, श्वास अडतो. दोन कारागिरांनी खाटेची नवार उशाकडून उसवली, तोंडाएवढं भोक ठेवून पुन्हा विणली आणि कडेला जुन्या कपड्यांची गादी शिवली. मी पुढे मोठ्या हॉस्पिटलांत यासाठी बनवलेले परदेशी टेबल पाहिले. विणकरांच्या खाटेइतकं आरामशीर एकही नव्हतं. चहा प्यायला प्लॅस्टिकची बारीक नळी आणली. ताट खाली जमिनीवर ठेवायचं आणि काशिनाथने खाटेच्या कडेने हात खाली घालून जेवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी मुद्दाम गेले. रात्रभर रामकेवल नावाचा उत्तर प्रदेशातला कारागीर बसला होता. त्याचा तळहात काशिनाथच्या डोक्यामागे होता. डोळे लाल.

"मैडम, दो बार पलटने लगा था. पलटने नहीं दिया," तो म्हणाला.

"आता उठा, झोपा जाऊन," मी म्हणाले.

तो उठेना. हिराबाई चहा ठेवून आली, तिने काशिनाथच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मगच रामकेवलने आपला काढला.

याचं कारण मी इस्माईलभाईंना विचारलं. ते म्हणाले, "लूमचा कायदा आहे, मॅडम. शिफ्ट सुटली म्हणून कोणी चालता लूम सोडून जात न्हाय. पुढच्याने हात लावला की पहिल्याने काढायचा. मधे एक मिनिट पन लूम बेवारशी नको."

मी मोठ्या हॉस्पिटलांत काम केलेली बाई. नर्सची ड्युटी बदलताना पेशंट अर्धा अर्धा तास बेवारशी पडलेला मी कितीदा पाहिला आहे. तिथे कागदपत्रं मात्र चोख असत. मला त्या खोलीत खरंच लाज वाटली, आणि तितकाच अभिमानही. माझा काही संबंध नसताना.

काशिनाथ पहिले चार दिवस शहाण्यासारखा वागला. मधूनच भोकातून जमिनीला उद्देशून म्हणे, "चार नंबर लूमचा धोटा उशिरा सुटतो. सांगा कुनीतरी." कारखाना भिंतीपलीकडे होता. तपासलं तर खरंच चार नंबर.

पाचव्या दिवशी त्याचा धीर सुटला. मान आखडली होती, तोंड सुजलं होतं. मी औषध घालायला गेले तर तो म्हणाला, "बाई, पुरे झालं. मना बसू द्या. दिसलं तर दिसलं, न्हाय तर न्हाय. जमिनीशी किती बोलू?"

मी भाषण सुरू करणार होते. पडदा, बुडबुडा, सगळं पुन्हा. हिराबाईने मला हाताने थांबवलं. ती खाली बसली, सरकत खाटेखाली गेली आणि भोकाच्या बरोबर खाली जमिनीवर उताणी झोपली.

"जमिनीशी नको, माज्याशी बोला," ती म्हणाली. "बाईंच्या कागदात उतानं झोपायचं लिवलंय न्हवं? घरातल्या एकानं झोपलं म्हंजे झालं. मी झोपते."

काशिनाथचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. मी डोकं हलवू नका म्हणून ओरडले आणि माझंच हसू आवरेना.

पुढचे पाच दिवस हिराबाईने तांदूळ निवडले, भांडणं केली, दिघाशीच्या बातम्या सांगितल्या, ते सगळं खाटेखाली आडवं पडून. पट्टी काढून औषध घालायच्या वेळी त्या डोळ्याला नुसता उजेड आणि हालचाल कळत होती. पण खाली कोण आहे ते त्याला माहीत होतं. त्यानंतर तो एकदाही बसू द्या म्हणाला नाही.

दहाव्या दिवशी मी सामान घेऊन चाळीत गेले. काशिनाथला उठवून बसवलं, मान खालीच. हिराबाईचा हात त्याच्या डोक्यावर होता.

"काढा हात, तपासते," मी म्हणाले.

"तुमी ठेवा. मंग मी काडते."

मी ठेवला. तिने काढला. मग मी भिंग घेऊन आत पाहिलं. बुडबुडा लहान झाला होता आणि त्याच्यामागे पडदा सपाट बसला होता. घडी नाही, पाणी नाही. मधलं भोक मिटलेलं.

"चिकटलाय," मी म्हणाले.

हिराबाई दाराबाहेर गेली आणि मोठ्याने म्हणाली, "चिकाटला!" पलीकडे कुणीतरी लूम बंद केला, मग दुसरा, मग तिसरा. लूम पुन्हा चालू करा म्हणून इस्माईलभाईंना ओरडावं लागलं.

तीन महिन्यांनी काशिनाथ नव्या चष्म्यासह दवाखान्यात आला. बगलेत फडक्यात गुंडाळलेल्या तीन लांब फण्या. त्याने वाकड्या ठरवून कोपऱ्यात टाकल्या होत्या त्याच. एकेक उचलून त्याने खिडकीच्या उजेडात डोळ्यासमोर धरली.

"सरळ," तो म्हणाला. "ही पन सरळ. ही पन. बिचाऱ्यांना फुकट बदनाम केलं."

माझ्या अक्षरांच्या तक्त्यावर तो वरच्या चार ओळी वाचू शकला. लूमच्या कामाला तेवढी नजर पुरते. तो त्याच आठवड्यात ड्युटीवर गेला.

मी कागद बदलून घेतला. वर मोठ्या अक्षरांत छापलं, हा कागद फक्त मोतीबिंदूसाठी. शिवाय पेशंटला सांगून झाल्यावर त्याच्याकडून एकदा वदवून घ्यायला लागले. आपण काय सांगितलं याला फारसा अर्थ नसतो, घरी काय पोचलं ते बघावं लागतं. हे कळायला मला दहा वर्षं लागली आणि एका माणसाचा एकुलता डोळा पणाला लागला.

गॅस भरलेल्या डोळ्यात पुढे मोतीबिंदू होतो, तसा काशिनाथलाही दोन वर्षांनी झाला. तो मीच काढला. ऑपरेशननंतर हिराबाईच्या हातात नवा कागद दिला. तिने तो घडी करून पदराला बांधला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"बाई, ह्या टायमाला उताना का पालता?"

"उताणा."

"नक्की?"

"नक्की."

"तुमच्या सरांना इचारलं?"

एक हात काशिनाथच्या डोक्यावर ठेवून मी निमूटपणे फोन लावला. सर म्हणाले, उताणा. मग हिराबाईने काशिनाथच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी माझा काढला.