शेंडा जळालेले आंबे

भूम तालुक्यातल्या एका गावच्या शाळेमागे चाळीस आंबे आहेत. एकही सरळ वाढलेला नाही. गुडघ्याएवढ्या उंचीवरच प्रत्येकाला चार-पाच खोडं फुटलेली. पाहणाऱ्याला वाटतं, आंब्याची ही काही वेगळी जात असावी. जात वगैरे काही नाही. ती माझी करामत आहे.

मी तेव्हा नवा ग्रामसेवक होतो. अंगात इस्त्रीचा सदरा आणि डोक्यात प्रशिक्षणाची हवा. शाळेमागची जागा ओढ्याकाठची, सखल. रोपांचं दुसरं वर्ष चालू होतं. पंचायतीनं ठेवलेले एक म्हातारे गृहस्थ त्यांची राखण करत. गाव त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही. दिवाळी सरली की ते प्रत्येक रोपाभोवती कडब्याची खोपी उभी करत. तीन बाजूंनी बंद, उगवतीला उघडी. म्हणजे गारठा अडायचा आणि सकाळचं ऊन आत यायचं. महाशिवरात्र झाल्याशिवाय त्या गावात कुणी खोपी काढत नसे.

शिवरात्रीला दहा-बारा दिवस असताना जिल्ह्याहून साहेब पाहणीला येणार असं कळलं. मला वाटलं, साहेबांना झाडं दिसायला हवीत, कडबा नव्हे. ऊन तापू लागलं होतं, रोपांना तांबूस पालवीही फुटली होती. मी चाचांना खोप्या काढायला सांगितलं.

"सायेब, शिवरात होऊ द्या," ते म्हणाले. "ही जागा खोलगट हाय. थंडी हितंच येऊन बसती. आन् पालवी लई कवळी हाय."

"चाचा, थंडी गेली आता. आम्ही शिकून आलोय ते उगाच का?"

हे वाक्य आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. दिवसभर एकेक खोपी उकलून चाचांनी कडबा नीट रचून ठेवला. साहेब आले, रांगा बघून खूश झाले, माझी पाठ थोपटून गेले. ती पाठ चारच दिवस ताठ राहिली.

पाचव्या दिवशी सकाळी गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं. ऊन चढलं तशी पालवी काळी पडली, कुणी उकळतं पाणी ओतावं तशी. चाळीसच्या चाळीस शेंड्यांनी माना टाकल्या.

दुपारी शाळेच्या व्हरांड्यात पंचायत बसली. सरपंचांनी मलाच विचारलं, "खोप्या काढल्या कुणी?"

चाचा समोर उभे होते. आमचं बोलणं दुसऱ्या कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी म्हणालो, "चाचांनी काढल्या."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "व्हय," ते म्हणाले, "म्याच काढल्या." ते भांडतील असं मला वाटलं होतं. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांचं काम त्याच बैठकीत गेलं, आणि तो ठराव मी माझ्या वळणदार अक्षरात लिहून घेतला.

जाताना ते माझ्यापाशी थांबले. "शेंडा जळाला तरी मूळ जित्तं हाय. खालनं चार-पाच फुटवे येतील. चैतात जोमाचा एकच ठेवा, बाकीचे छाटा. न्हाय तर झुडूप हुईल त्याचं."

एवढं सोपं काम होतं. पण ओढ्यापलीकडे चाचांचं घर, आणि रोपांपाशी गेलं की ते दारात बसलेले दिसायचे. मी चैत्रात गेलो नाही. पाऊस लागल्यावरही गेलो नाही. पुढे माझी शेजारच्या वाशी तालुक्यात बदली झाली तेव्हा मला चक्क सुटल्यासारखं वाटलं.

काही वर्षांनी कामानिमित्त त्या गावी गेलो. चाचा वारले होते. नव्या मास्तरांनी आंब्यांच्या सावलीत खाट टाकून मला चहा दिला.

"झाडं अशी फुटकी का, ठाऊक आहे तुम्हाला?" त्यांनी विचारलं आणि उत्तरही दिलं. "पूर्वी कुणी म्हातारा राखणीला होता म्हणे. त्याच्या हलगर्जीपणानं शेंडे जळाले."

माझी नोकरी आता पक्की होती. घाबरावं असं कुणी उरलं नव्हतं. मी कप खाली ठेवला, "असेल," म्हणालो आणि भूमची एसटी धरली.