हिरव्या बाईचं पुस्तक

इंदूबाईंनी वस्तीतल्या वाचनालयात शिपाई म्हणून एकतीस वर्षं काढली. शिक्षण चौथीपर्यंत, पण कोणतं पुस्तक कोणाच्या उशाखाली अडकलंय हे त्यांना तोंडपाठ असे. त्यांचा नियम एकच होता : ज्याच्या हातानं पुस्तक गेलं, त्याच्याच हातानं परत आलं पाहिजे. पोरीसोबत पाठवलेलं पुस्तक त्या दारातूनच माघारी धाडत. "काहून वं, तुह्या बापाले पाय नाहीत काय?" मग बाप यायचा, बसायचा, चार गोष्टी बोलून जायचा. इंदूबाईंना तेच हवं असे.

वाचनालय सुटलं, सवय सुटली नाही. दरवर्षी दसऱ्याला त्या दीक्षाभूमीवर जायच्या, स्तूपाला वंदन करायच्या आणि तिथल्या स्टॉलवरून घरातल्या प्रत्येकाच्या नावानं एक पुस्तक आणायच्या. तिथून रिकाम्या हातानं परतणं म्हणजे न गेल्यासारखंच. न्यूजर्सीत जन्मलेल्या नातीच्या, पिंकीच्या नावानंही आठ वर्षांत आठ पुस्तकं जमली होती. ती पेटीत पडून होती, कारण पिंकी नागपूरला कधी आलीच नव्हती.

यंदा आली, बापाचं बोट धरून. प्रशिकनं आईपुढं सेंट, चॉकलेटं आणि एक किचेन मांडलं. किचेनला एक हिरवी बाई लटकत होती.

"कोण हाय हे?"

"लिबर्टी. मागच्या महिन्यात पाहून आलो आम्ही."

इंदूबाईंना नागपुरातल्या सदर भागातली लिबर्टी टॉकीज तेवढी ठाऊक. "टॉकीजवाल्यानं तिकडं पुतळा काहून बसवला गा?"

प्रशिकनं समजावलं : समुद्रात बेट आहे, बेटावर पुतळा आहे, लिबर्टी म्हणजे स्वातंत्र्य. इंदूबाईंनी चष्मा लावून किचेन डोळ्यांशी धरलं.

"हातात पुस्तक हाय वाटते तिच्या."

"पाटी आहे, आई."

"पाटी तर पाटी, वाचाचीच वस्तू हाय. आपल्या चौकातल्या बाबासाहेबांच्या हातातल्या पुस्तकासारखी. मंग तिथून पुस्तक कोणतं आणलं?"

"तिथं कोणी पुस्तकं आणायला जात नाही."

"मंग काहाले जाते?"

"फोटो काढाले," प्रशिक म्हणाला. अमेरिकेतल्या पंधरा वर्षांनंतर तो नागपुरी 'ले' तोंडून निसटला आणि त्याचा त्यालाच ठसका लागला.

पुस्तकाविना रिकाम्या हातानं परतलेल्या लेकाशी इंदूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पिंकीनं स्वतःच्या दप्तरातून एक पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर तीच बाई. विमानात वाचायला शाळेच्या लायब्ररीतून आणलेलं. ती आजीला चिकटून बसली आणि तोडकंमोडकं सांगू लागली.

"आजी, ही फ्रान्सची. शिपनं आली. बॉक्समध्ये."

"दोनशे चौदा पेट्या होत्या," प्रशिकनं पलीकडून भर घातली.

"म्हणजे हे बी बाहेरूनच आली!" इंदूबाई एकदम नरमल्या. "आम्ही तुह्या बापाले दोन बॅगांत पाठवलं. त्यातली एक नुसती लोणच्याची."

"आधी ती ब्राउन होती. तांब्याची. मग ग्रीन झाली."

"कळकली ना मंग! चिंच लावत नाही का तिले कोणी?"

त्या दुपारपासून आजी-नातीचं सूत जमलं. इंदूबाईंनी पाटी आणली. पिंकी एकेक अक्षर गिरवत गेली आणि आजीच्या तोंडून जसं ऐकलं तसंच लिहीत गेली.

निघायच्या दिवशी बॅग वजनात बसेना. प्रशिकनं आईनं भरलेली आठही पुस्तकं उचलून बाहेर ठेवली.

"दोनशे चौदा पेट्यांची बाई पोचली," इंदूबाई म्हणाल्या, "अन् माह्या आठ पुस्तकांचं तुले वजन झालं?"

"आई, तिला मराठी वाचता येत नाही गं. तिथंही पडूनच राहतील."

इंदूबाई किचेन तेवढं मुठीत धरून उभ्या राहिल्या. पिंकीनं एकदा आजीकडं पाहिलं, एकदा बॅगेकडं. मग बॅगेत हात घालून बापाचे जाडजूड बूट काढले आणि त्या जागी एकेक पुस्तक रचलं. पायातल्या चपलेवरच प्रशिक अमेरिकेला रवाना झाला.

घर सुनं झालं. इंदूबाईंनी पेटी उघडली. आठ पुस्तकांच्या रिकाम्या जागी हिरव्या बाईचं पुस्तक ठेवलेलं होतं. वर चिठ्ठी, वाकड्या अक्षरात एकच शब्द : 'आजीले'. 'ला' तिला कोणी शिकवलाच नव्हता.

आठवड्यानं प्रशिकचा फोन आला. "आई, ते शाळेचं पुस्तक आहे. कुरियरनं पाठवून दे."

"जमत नाही. कुरियरवाल्याच्या हातानं आलं होतं काय थे?"

"बरं, मी येतो न्यायला."

"तुह्या तरी हातानं कुठं आलं?" इंदूबाईंनी पुस्तक मांडीवर सारखं केलं. "पिंकीले पाय नाहीत काय?"