दम वजनाचा नव्हता

“ही बाई आडवीच होत नाहीये. थिएटरमध्ये घेऊ कशी? लगेच या!”

भूलतज्ज्ञ डॉ. पठाणांचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीतल्या आमच्या हॉस्पिटलच्या ओपीडीत होते. मी फिजिशियन. ऑपरेशनआधी पेशंटचं हृदय, बीपी, शुगर बघून ‘फिटनेस’ देणं, म्हणजे भूल झेपेल की नाही ते सांगणं, हे माझं काम. धावतच गेले.

नसरीन स्ट्रेचरवर पाय खाली सोडून बसली होती. शिरड शहापूरची, पहिलटकरीण, नववा महिना. वजन शंभरच्या पुढे. त्यात गरोदरपणात सुरू झालेलं बीपी आणि शुगर. बाळ मोठं, म्हणून सिझेरियन ठरलेलं. दोन्ही हात मागे टेकवून ती श्वास ओढत होती.

“दम कधीपासून लागतो?”

तिच्याआधी सासूच बोलली, “मॅडम, वजनच तेवढं हाय. त्याच्यात पोटात लेकरू. दम लागणारच न!”

“तिला बोलू द्या. नसरीन, झोपतेस कशी?”

“बसूनच,” ती थांबत थांबत म्हणाली. “भिंतीला टेकून. आडवं झालं की पाण्यात बुडून राहिल्यावानी होते. घरी सांगितलं मी. सगळे म्हणे, वजनानं होते.”

मी कान टवकारले. वजनानं दम लागतो, खरं आहे. नवव्या महिन्यात तर सडपातळ बाईलाही लागतो, पण चालताना, जिना चढताना. अख्खी रात्र बसून काढायला लावणारा दम वेगळा असतो. तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. खाली बारीक बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. फुप्फुसात पाणी!

“सिस्टर, एको मशीन इथंच आणा.” एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

कदम मॅडम, आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सीनियर, थिएटरच्या कपड्यांतच बाहेर आल्या. “काय अडलंय? बाळाचे ठोके चांगले आहेत.”

“आईचे बघू द्या, मॅडम.”

जाड छातीत एकोचं चित्र धूसर येतं. नसरीनला बसल्या बसल्या डावीकडे कलवलं आणि एकेका फासळीच्या फटीतून शोधत गेले. अखेर दिसलं. हृदय फुगलेलं, भिंती कशाबशा हलणाऱ्या. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला आतलं निम्म्याहून जास्त रक्त पुढे ढकलतं. नसरीनचं जेमतेम पाव भाग ढकलत होतं.

पेरिपार्टम कार्डिओमायोपथी. नाव लांबलचक, अर्थ सोपा: गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत हृदयाचा स्नायू कमजोर पडतो. बीपी असलेल्या, वजन जास्त असलेल्या बायकांना याचा धोका अधिक. नेमकं कशामुळे होतं, ते अजून पूर्ण कळलेलं नाही.

“आडवं करून भूल दिली असती तर...” डॉ. पठाण एवढंच बोलले.

मी नांदेडच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला. ते म्हणाले, “अशा अवस्थेत रस्त्यावर काढू नका. आधी पाणी उतरवा, मग पाठवा.”

लागलो कामाला. डोकं उंच, ऑक्सिजन, बीपीचं औषध आणि लघवी वाढवणारं इंजेक्शन. लघवीची पिशवी भरताना बघून इतका आनंद फक्त फिजिशियनलाच होत असेल! दुपार टळली तशी नसरीन न थांबता बोलू लागली. “मॅडम, भूक लागून राहिली.”

अँब्युलन्स दारात लागली आणि तेवढ्यात कळा सुरू झाल्या. पाणमोटही फुटली. आता एवढ्या मोठ्या बाळाला घेऊन वाटेत अडकण्यात अर्थ नव्हता.

“इथंच करू,” कदम मॅडम म्हणाल्या. “तुम्ही उभ्या राहाल?”

“तुमच्या शेजारीच.”

डॉ. पठाणांनी डोकं उंच ठेवूनच कंबरेतून भूल दिली, थोडी थोडी, बीपीवर डोळा ठेवत. बाळ बाहेर आलं की गर्भाशय आकसतं आणि तिथलं रक्त एकदम हृदयाकडे परततं. थकलेल्या हृदयाला हाच क्षण जड जातो.

“मुलगी!” कदम मॅडम ओरडल्या. थिएटर रडण्यानं दणाणलं. सगळे बाळाकडे बघत होते, मी मॉनिटरकडे. ऑक्सिजन घसरला. लघवी वाढवणारं इंजेक्शन पुन्हा दिलं. आकडा अडला, मग चढू लागला. चढतच राहिला! डॉ. पठाणांनी मास्कमधूनच “बराबर!” म्हटलं.

“लई जोरात रडते न ती?” नसरीननं विचारलं. मला हसू आवरेना.

आईला शुगर होती, म्हणून बाळाची शुगर तपासली; थोडी कमी निघाली, दूध पाजल्यावर सावरली. नसरीनला पुढे नांदेडला पाठवलं. हृदयाची औषधं सुरू झाली. काही महिन्यांनी ती आमच्याकडे एकोला आली. स्क्रीनवर हृदय प्रत्येक ठोक्याला असं जोरात आकसत होतं की मी खुर्चीतून उठलेच. कदम मॅडमना हाका मारून बोलावलं. दोघी त्या स्क्रीनकडे बघतच राहिलो.

“म्हणजे बरी झाले मी?” नसरीननं विचारलं.

“हृदय सावरलं. पण औषध मनानं बंद करायचं न्हाई. आणि आम्हाला विचारल्याशिवाय दुसरं मूल न्हाई.”

“व्हय,” ती म्हणाली. “आन् वजन?”

“त्याचंही बघू.”

वजन हा आजाराला हातभार लावणारा मोठा घटक आहे, हे मी रोज सांगते. पण पेशंटच्या प्रत्येक तक्रारीवर तेच उत्तर दिलं, तर तपासायचं राहून जातं.