कवेलू काकाजींची काच

कवेलू काकाजींच्या बुटक्या दारात पाहुण्याचं डोकं आपटलं की आतून आवाज यायचा, "झाला घराले नमस्कार. आता च्या मांडा." लागलं का, हे चहानंतर विचारायचे.

पवनीतल्या आमच्या गल्लीत त्यांचं घर सर्वांत जुनं. वैनगंगेचा पूर ओळखून त्यांच्या आज्यानं जोतं कमरेइतकं उंच बांधलेलं, भिंती मातीच्या, हातभर जाड, खांब सागाचे. बैलाच्या पाठीवर मारावी तशी खांबावर थाप मारून काकाजी त्याची ओळख करून द्यायचे. स्वतःची द्यायला विसरायचे.

मे महिन्यात छपरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला सगळी गल्ली यायची. कवेलू उतरवायचे, फुटके काढायचे, पुन्हा रांगेनं बसवायचे. शिडी कोणाची, पोहे कोणाकडे, हे मी आधीच ठरवून टाकत असे. काकाजींचा नियम एकच: जे जिथून काढलं, ते तिथंच. स्वयंपाकघरावर उजेडासाठी एक काच होती, तीसुद्धा.

मुलगा आणि सून नागपूरहून कायमचे राहायला आले, तेव्हा घर पाडून स्लॅब टाकायची गोष्ट निघाली. सुनेचं म्हणणं रास्त होतं. भरदुपारी घरात दिवा लावावा लागे. काकाजींचं जेवणावरून लक्ष उडालं. शेवटी म्हणाले, "एक डाव कवेलू फेरू. मंग पाडा."

त्या दिवशी शेजारच्या तुळशीरामनं गप्पांच्या नादात काच माजघरावर बसवली. खाली सून तांदूळ निवडत होती. उजेड नेमका तिच्या सुपात पडला. काकाजी तुळशीरामवर ओरडणार, तेवढ्यात ती मान वर न करताच सासऱ्यांना म्हणाली, "राहू द्या मामाजी. खडे दिसून राहिले."

काकाजी सुपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुळश्या, उतर. पोहे खा."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघरासाठी नवी काच आणली. घर पाडायचं लांबत गेलं आणि पुढं दर उन्हाळ्यात एक काच वाढली. "यंदा उजेड कोणाले द्याचा?" असं विचारत ते घरभर फिरायचे. एवढा उजेड आल्यावर स्लॅब कायले, असं सूनच म्हणू लागली.

मागच्या हिवाळ्यात काकाजी गेले. यंदाची काच सुनेनं स्वतः वर चढून ओसरीच्या छपरात, दारासमोर बसवली. पाहुण्यांना चौकट दिसावी म्हणून. ती बघायला तिनं मला मुद्दाम बोलावलं. मी वर काचेकडे बघत बघत आत शिरले आणि कपाळ धरून खाली बसले.

आतून आवाज आला, "झाला घराले नमस्कार. च्या मांडलाच हाय."