समतेच्या निळ्या बॅगा

समतेसाठी मी आजवर केलेलं एकमेव ठोस काम म्हणजे उल्हासनगरच्या बाजारातून एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या बॅगा विकत घेणं. पुन्हा करणार नाही.

झालं असं, की कात्रपच्या आमच्या विहारातल्या मंडळींची बोधगयेची सहल ठरली. आईने त्यासाठी पांढरी सुती साडी घेतली होती. बोधिवृक्षाखाली वंदना म्हणायची ती याच साडीत, म्हणून घडीही न मोडता कपाटात जपून ठेवलेली! (हात लावायचा तर आधी साबणाने धुवायचा.) सामानाची जबाबदारी माझ्यावर आली. बाबांनी सभांमधून आणलेली पत्रकं वाचत मी मोठी झालेय, त्यामुळे मला बॅगेतही अन्याय दिसतो. कोणाची चाकांची, कोणाची चेन तुटलेली. गाडीत चढायच्या आधीच ऐपत कळणार!

"सगळ्यांच्या बॅगा सारख्या!" मी जाहीर केलं. "आणि आपलं ओझं आपणच उचलायचं. हमाल नाही."

"अगं, निदान नावं तरी लिहू," आई म्हणाली.

"नाव आलं की आडनाव येतं, आडनाव आलं की जात!"

"आपण सगळे एकाच विहारातले ना गं बाई?"

"मी आपली लाल रिबीन बांधते," भीमाआत्या म्हणाली. ही बाबांची मोठी बहीण. माझी भाषणं तिला घरबसल्या ऐकावी लागतात, त्याचा ती असा सूड घेते.

"आज रिबीन, उद्या जरीचा गोंडा! भेद इथूनच सुरू होतो, आत्या."

"बरं. तुझी समता आली की सांग, मग मी कपडे भरते."

दुकानदारालाही राहवलं नाही. "दीदी, सब एकही कलर? मिक्स हो जाएगा!"

"मिक्स व्हायलाच पाहिजे!" मी ठणकावलं.

झालंच. गया स्टेशनवर पहाटे बाकाखालून ज्याच्या हाताला जी बॅग लागली, ती घेऊन सगळे उतरले. इतकी निखळ समता मी पत्रकातसुद्धा वाचली नव्हती! माझी बॅग खांद्याला हलकी वाटत होती. मला वाटलं, बोधगया जवळ आली म्हणून अंगात बळ आलं.

धर्मशाळेत अंघोळी उरकून लगेच वंदनेला निघायचं होतं. तेवढ्यात आईची हाक आली. तिच्या बॅगेत लुंगी, दाढीचं सामान आणि केस काळे करायची पुडी!

पुडीवरून कोणी ओळखलं नसतं, पण लुंगी शेजारच्या गौतमकाकांची होती. (आपल्या काळ्याभोर केसांचं श्रेय ते आवळ्याला द्यायचे.) काकांकडे धावले. त्यांच्या बॅगेत आत्याचे गाऊन आणि सुकटीच्या चटणीचा डबा! (सहलभर मांसाहार बंद, हा ठराव आत्यानेच मांडलेला.) मग काय, व्हरांड्यात बाजारच भरला. खांद्यावरचं ओझं न उतरवता मी एकेकाची बॅग उघडत सुटले. आईची साडी कुठेच नाही! बाहेर बसचा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय.

आई खाटेवर बसून राहिली. "तुम्ही जा. मी बसमध्येच थांबते. या मळक्या साडीत नाही यायची मी तिथे."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. इतक्यात अंघोळीच्या रांगेत उभ्या असलेल्या आत्याने टॉवेलसाठी तिच्याजवळची बॅग उघडली.

"अगं बाई, यात नुसते कागद! धड एक ओढणी नाही! कोण येडं पत्रकं भरून सहलीला येतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्याकडे. रांगेतल्या आत्याची सोडली तर सगळ्यांच्या बॅगा मी उघडल्या होत्या. माझी कशाला उघडू? ती माझी होती ना!

चेन ओढली. वरच पांढरी साडी, घडीसुद्धा मोडलेली नाही.

आईने बोधिवृक्षाखाली वंदना म्हटली आणि तिचे डोळे भरून आले. पुढेमागे सगळी पांढरीशुभ्र माणसं. मधे एकटी मी, गाडीतल्याच जांभळ्या कुर्त्यात, छातीवर चहाचा डाग! माझ्या बॅगेत पत्रकांनी पांढऱ्या कपड्यांना जागाच ठेवली नव्हती.

शेजारच्या अनोळखी बाईंनी आईला हळूच विचारलं, "ये लडकी आपके साथ है?"

आईने विचार केला. (केला! मी पाहिलं.) मग म्हणाली, "हां... है तो हमारी ही."